जुन्या सिंगलचा कार्ब: गरम झाल्यावर आयडलिंग टिकत नाही, पाव मुठीला गाडी जड

एकसिलिंडर

मंडळी, जुन्या गाड्यांचे कार्ब (कार्ब्युरेटर, हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारा भाग) स्वतः उघडणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडी ३५० सीसीची ब्रिटिश सिंगल, म्हणजे एकाच सिलिंडरची, १९६८चं मॉडेल. कार्ब अमल कॉन्सेंट्रिक मार्क १, मूळचाच.

थंड असताना काही तक्रार नाही. टिकलर (कार्बमध्ये जादा पेट्रोल भरणारं बटण) दाबला, बोटाला पेट्रोल लागलं की किकला लगेच सुरू होते. पण गरम झाली की आयडलिंगचा (मूठ सोडल्यावर इंजिन हळू चालू राहण्याचा) भरवसा नाही. कधी उभ्या जागी आपोआप रेस चढून तशीच राहते, आणि स्क्रूने ती उतरवली की थोड्या वेळाने बंद पडते.

दुसरी तक्रार वेगळी आहे. मूठ थोडीशी पिळून एका वेगाने जाताना गाडी जड वाटते, सायलेन्सरमधून भदभद आवाज येतो, मध्येच एखादा ठोका गाळते. मूठ अर्ध्याच्या वर गेली की मोकळी होते आणि छान ओढते. प्लग काढून पाहिला तर कोरडी काळी काजळी. आधीच्या मालकांनी मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक) दोन नंबर लहान घातला होता, असं त्यांनीच सांगितलं. त्याने या जडपणात काही फरक पडलेला नाही.

नवा कार्ब घालून मोकळं व्हायचं नाहीये. हाच कार्ब वाचवायचाय. सुरुवात कुठून करू?

ठिणगी

कार्बपासून करू नका, एवढंच आधी सांगतो. कार्बचे म्हणून जे बिघाड लोक घेऊन येतात त्यातले कितीतरी पॉइंट, कंडेन्सर (दोन्ही ठिणगीचे भाग) नाहीतर टॅपेटचे (व्हॉल्व्हच्या फटीचे) निघतात. कार्ब उघडून चार गोष्टी हलवल्या की मूळ दोष कुठे होता तेही मग कळत नाही.

पॉइंट जळलेत का बघा, गॅप पुस्तकाप्रमाणे करा, मग टायमिंग. गॅप बदलली की टायमिंग हलतं, त्यामुळे क्रम हाच. ऑटो अॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) वजनं हाताने उघडून सोडा. स्प्रिंगने ती चटकन मागे आली पाहिजेत. ती अडकत असतील तर टायमिंग पुढेच राहतं आणि गरम गाडीत रेस उतरत नाही. तुमच्या पहिल्या लक्षणाशी हे तंतोतंत जुळतं, आणि कार्बचा त्यात काडीचा संबंध नसतो. टॅपेट इंजिन थंड असताना तपासा. घट्ट व्हॉल्व्ह गरम झाल्यावर पुरता बसत नाही आणि आयडलिंग जातं.

थ्रॉटलची केबलही बघा. गाडी चालू ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. रेस जराही बदलली तर केबल ताणलेली आहे.

स्लाइडतीन

ठिणगी यांच्याशी पूर्ण सहमत. ते सगळं झालं असं धरून पुढचं लिहितो.

कार्बमध्ये एकच एक सर्किट नसतं. मूठ किती उघडी आहे त्यावर कोणता भाग मिश्रण ठरवतो ते बदलत जातं. बंद ते १/८ पर्यंत पायलट जेट (आयडलचं पेट्रोल देणारं बारीक भोक) आणि एअर स्क्रू. १/८ ते १/४ च्या आसपास स्लाइडचा (मुठीने वर-खाली होणाऱ्या झडपेचा) कटअवे, म्हणजे तिच्या फिल्टरकडच्या बाजूला खाली दिलेली तिरकी काप. १/४ ते ३/४ निडल (स्लाइडला लटकलेली निमुळती सळई) आणि ती ज्यात उतरते तो निडल जेट. तिथून पुढे मेन जेट. या हद्दी एकमेकींत मिसळतात, पण प्रत्येक टप्प्याला मालक एकच असतो. तुमची गाडी पाव मुठीला जड आहे आणि अर्ध्यावर मोकळी होते. तिथे मेन जेट कसा काय फरक पाडणार? त्या उघडझापीत पेट्रोल अडवणारी जागा मेन जेट नाहीच, त्याच्या वरची निडलभोवतीची फट आहे.

म्हणून पहिलं काम हे की दोष नेमका किती उघडीवर येतो ते पक्कं करा. मुठीवर आणि तिच्या घरावर पांढरी टेप चिकटवा. घरावर एक रेघ, मुठीवर बंद, १/८, १/४, १/२, ३/४ आणि पूर्ण अशा रेघा मारा. मूठ बंद असताना केबलची ढील आधी काढा, नाहीतर रेघा खोटं सांगतील. आणि वेगाकडे किंवा आरपीएमकडे बघू नका. कार्बला फक्त स्लाइड किती वर आहे ते कळतं.

मग रिच (पेट्रोल जास्त) की लीन (पेट्रोल कमी), ते ठरवायचं. याला मला सर्वांत आवडणारी चाचणी पेट्रोल कॉकची आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, गाडी पूर्ण गरम असताना, दोष येतो त्याच रेघेवर मूठ स्थिर धरा आणि कॉक बंद करा. फ्लोट चेंबरमधली पातळी उतरत जाते तसं मिश्रण हळूहळू लीन होत जातं. बंद पडण्याआधी गाडी काही अंतर साफ, मोकळी चालली तर त्या रेघेवर ती रिच होती. सरळ बिघडतच गेली तर लीन होती किंवा बरोबर होती. चोकची स्लाइड शाबूत असेल तर उलटी चाचणी करा: चोक थोडा लावल्यावर सुधारली तर लीन, बिघडली तर रिच.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की त्या दिवसाची मेहनत वाया गेली असं समजा.

एकसिलिंडर

दोघांचेही मनापासून आभार. पॉइंट साफ होते, गॅप थोडी कमी होती ती बरोबर केली, टायमिंग लावलं. वजनं मोकळी आहेत. टॅपेट ठीक. हँडल वळवून रेस बदलत नाही.

टेप लावून फिरलो. जडपणा १/८ च्या पुढे सुरू होतो, १/४ ला सर्वांत जास्त, १/२ ला जवळजवळ गेलेला. कॉक बंद केल्यावर १/४ च्या रेघेवर गाडी अक्षरशः बदलली. भदभद थांबली, एकसारखी ओढायला लागली, आणि मग बंद पडली. म्हणजे रिच.

आयडलिंगचं मात्र कोडं आहे. एअर स्क्रू पूर्ण आत घेतला, तीन फेरे बाहेर काढला, इंजिनाला काहीच फरक नाही.

स्लाइडतीन

उत्तम. म्हणजे तुमच्याकडे दोन स्वतंत्र दोष आहेत आणि ते उलट दिशेचे आहेत. पाव मुठीला रिच. आयडलला एकतर पायलटचा मार्ग बुजलाय किंवा बाहेरून हवा येतेय, म्हणजे लीन. काळा प्लग पाहून 'गाडी रिच आहे' म्हणत आयडलही लीन करत गेलं की माणूस गोल गोल फिरतो. प्लगवर सगळ्या फेरफटक्याची काजळी असते, आयडलची वेगळी दिसत नाही.

मार्क १ चा पायलट हा जुनाच रोग आहे. बहुतेक फोर-स्ट्रोक आवृत्त्यांत पायलट जेट सुटा निघत नाही. एअर स्क्रूच्या भोकात खोलवर दाबून बसवलेली एक बारीक पितळी बुश असते, भोक ०.०१६ इंच, म्हणजे साधारण ०.४ मिमी. पेट्रोल सुकून राळ होते ती नेमकी तिथे. बाहेरून क्लीनर मारून, बादलीत भिजवून कार्ब चकचकीत होतो, पण ही बुश तशीच बंद राहते.

एअर स्क्रू काढा. ०.४ मिमीचं ड्रिल बिट हँडहेल्ड चकमध्ये धरून, मशीन न लावता, बोटांनी हलकेच फिरवत आत न्या. ते बुशला टेकलं की हाताला कळतं. मग हिरवट-तपकिरी भुगा बाहेर येतो. जोर लावायचा नाही. तुटलेलं बिट आत राहिलं तर ते काढणं महाकठीण. नंतर स्क्रूच्या भोकातून क्लीनर मारा आणि कार्बच्या नळीच्या तळाशी बघा. तिथे दोन बारीक भोकं आहेत, एक स्लाइडच्या खाली आणि एक इंजिनाच्या बाजूला. दोन्हींतून स्वच्छ धार आली पाहिजे. चष्मा घाला, कारण धार उलटी डोळ्यांत येते.

फ्लँज

आयडल चढून तसंच राहणं हे हवेच्या गळतीचं लक्षण जास्त वाटतंय. पायलट साफ कराच, पण कार्ब काढलाच आहे तर फ्लँजवर (इंजिनाला टेकणाऱ्या चेहऱ्यावर) स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघा.

या कार्बची बॉडी झिंकच्या मिश्रधातूची, मऊ. फ्लँजच्या मध्ये ओ-रिंग, दोन बाजूंना दोन कान. गळती दिसली की माणूस नट आणखी आवळतो. कान हेडकडे ओढले जातात, मधला भाग मागेच राहतो, आणि गळती वाढते. मग आणखी आवळतो. बॉडी पुरेशी वाकली की स्लाइडसुद्धा अडकायला लागते.

ठिणगी

गळती चालू गाडीवर शोधता येते. कार्ब क्लीनर जोडावर फवारला की रेस बदलते.

फ्लँज

ही पद्धत सगळे सांगतात, पण मी विरोधात आहे. गरम सायलेन्सरचा बेंड, चालू असलेली ठिणगी आणि हवेत ज्वालाग्राही फवारा, हे तिन्ही एका हाताच्या अंतरात कशाला आणायचं? साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. गळती असेल तिथे पाणी फट क्षणभर बुजवतं, आयडलिंग बदलतं. तेवढं पुरतं.

ठिणगी

मान्य. पाण्याने काम होत असेल तर आग्रह नाही.

व्हीएमवाला

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझी जपानी टू-स्ट्रोक आहे, मिकुनी व्हीएम कार्ब. आयडल सतत रिच, पेट्रोलचा वास, एअर स्क्रू कितीही बाहेर काढला तरी तेच. पायलट जेट एक नंबर लहान घालू का?

स्लाइडतीन

थांबा, जेट घेऊ नका. व्हीएममध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी पाटी नसते, जास्तीचं पेट्रोल सोडणारा वेगळा प्लंजर असतो. त्याच्या टोकाला रबर असतं. ते वर्षानुवर्षं दाबून कडक होतं, त्यावर गोल खाच पडते, आणि चोक बंद असतानाही तिथून पेट्रोल झिरपत राहतं. प्लंजर काढून टोक बघा, नखाने दाबा. प्लास्टिकसारखं लागलं तर बदला. केबलने चालणारा असेल तर केबलला थोडी ढील हवीच.

ते ठीक निघालं तर फ्लोटची पातळी आणि निडल व्हॉल्व्ह. आणि स्क्रू उघडताना जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रू ड्रायव्हर वापरा. साधा फिलिप्स त्या खाचेत पूर्ण बसत नाही, डोकी फिरतात.

व्हीएमवाला

रबर दगडासारखं झालंय, मधोमध खाचही आहे. धन्यवाद!

एकसिलिंडर

फ्लँज यांनी सांगितलं तसंच निघालं. पट्टी धरली तर दोन्ही कान टेकलेले आणि मध्ये उजेडाची स्वच्छ रेघ. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, थोडं तेल टाकून, आठच्या आकड्यात घासत गेलो. आधी फक्त कान चमकायला लागले, मधला पट्टा कितीतरी वेळ काळपटच होता. पूर्ण चेहरा एकसारखा चमकला तेव्हा थांबलो.

पायलटच्या बुशमधूनही बराच हिरवा भुगा निघाला. आता दोन्ही भोकांतून धार येते. नवी ओ-रिंग घालून बसवला. आयडलिंग स्थिर झालं आणि एअर स्क्रू पहिल्यांदाच ऐकतोय.

फ्लँज

छान काम केलंत. एकच बघा: घासल्यामुळे ओ-रिंगची खाच उथळ झाली असेल. रिंग पृष्ठभागाच्या किंचितच वर असावी. फार वर असली तर कान पुन्हा वाकतील. नट आलटून पालटून, हलक्या हाताने आवळा.

स्लाइडतीन

एअर स्क्रू लावायची पद्धत: इंजिन गरम, स्क्रू दीड फेरा बाहेर. थ्रॉटल स्टॉपने (स्लाइड किती खाली येईल ते ठरवणाऱ्या स्क्रूने) रेस थोडी वर ठेवा. आता एअर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जा आणि प्रत्येक वेळी काही क्षण थांबा, कारण इंजिन लगेच उत्तर देत नाही. रेस सर्वांत जास्त आणि एकसारखी येते तो बिंदू पकडा, मग थ्रॉटल स्टॉपने रेस खाली आणा आणि पुन्हा तपासा. या कार्बला स्क्रू आत घेतला की रिच, बाहेर काढला की लीन, कारण तो हवा मोजतो. ज्या कार्बचा स्क्रू स्लाइडच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला असतो तो पेट्रोलमिश्रित हवा मोजतो, त्याचं सगळं उलट. हा फरक माहीत नसल्याने फार गोंधळ होतो.

आता पाव मुठीचा जडपणा. निडलची क्लिप (तिची उंची ठरवणारी) मधल्या खाचेत आहे ना?

एकसिलिंडर

हो, मधल्या. सर्वांत वरच्या खाचेत टाकून निडल खाली उतरवून पाहिली. थोडा फरक, पण जडपणा आहेच, आणि आता अर्ध्या मुठीला गाडी उलट कोरडी वाटते, मागे शिंकते.

स्लाइडतीन

मग निडल जेट झिजलाय. क्लिप परत मध्ये ठेवा.

पाव मुठीलाच दोष का येतो ते समजून घ्या, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढे कुठलाही कार्ब वाचता येतो. तिथे पेट्रोल जातं ते निडल आणि जेटच्या मधल्या कड्यासारख्या फटीतून. समजा जेटचं भोक २.७० मिमी आहे आणि त्या उंचीला निडल २.५० मिमी. फटीचं क्षेत्रफळ ०.८२ चौरस मिमी होतं. आता निडल वर्षानुवर्षं थरथरत घासून जेट फक्त ०.०५ मिमीने मोठा झाला, २.७५ चा. क्षेत्रफळ १.०३ होतं. म्हणजे केसाहून बारीक झिजेने वाट २६ टक्के मोठी झाली! मूठ जास्त उघडली की निडलचा निमुळता भाग वर येतो, फट एवढी मोठी होते की तेवढ्याच झिजेचा वाटा नगण्य होतो, आणि खालून मेन जेट लगाम धरतो. म्हणून तुमची गाडी अर्ध्यावर मोकळी व्हायची. निडल खाली उतरवून हे भरून काढायला गेलं की वरचा टप्पा लीन होतो. तुम्हाला नेमकं तेच दिसलं.

झीज डोळ्याने दिसत नाही, भोक अंडाकृती झालेलं असतं. मोजत बसू नका, जेट आणि निडल दोन्ही नवे घाला. जेटवरचा आकडा इंचाच्या हजारांशात असतो, १०५, १०६, १०७ असे. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात असेल तोच घ्या, बहुधा १०६.

काजळी

प्लगचा रंग बघून हे आधीच कळलं नसतं का? बदामी रंग आला की झालं, असं आम्ही शिकलो.

ठिणगी

तो नियम शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातला. आताच्या पेट्रोलने इन्सुलेटरचं टोक चांगल्या गाडीतही पांढरट राहू शकतं. ते पाहून लोक मोठा मेन जेट घालतात. रंग बघायचाच तर नवा प्लग घालून, ठरलेल्या रेघेवर मूठ स्थिर धरून काही अंतर जा, मग क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद करा, आणि प्लग काढून इन्सुलेटरच्या मुळाशी, अगदी आत, रंगाचं कडं बघा. आयडलवर घरापर्यंत आणलेल्या प्लगला काही अर्थ नाही.

पेट्रोलवरून आठवलं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, १० टक्के इथेनॉल असलेल्याला १४.१ च्या आसपास. म्हणजे जुने जेट तसेच ठेवले तर गाडी चारेक टक्के लीन झाली. बऱ्याच गाड्यांना ते जाणवतही नाही, पण जी आधीच काठावर आहे तिला क्लिप एक खाच खाली लागते. त्याहून मोठा त्रास साठवणुकीचा. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि झिंकची बॉडी आतून पांढरी पडते. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर चेंबर रिकामा करूनच ठेवा.

दोनकार्ब

ट्विनवाल्यांसाठी (दोन सिलिंडर, दोन कार्ब) जोडतो: वरचं सगळं प्रत्येक कार्बचं वेगवेगळं करून मगच बॅलन्सकडे (दोन्ही कार्ब सारखे चालवण्याकडे) या. एक सिलिंडर बंद ठेवून दुसरा चालवताना काढलेली प्लगची वायर अर्थला टेकवलेली हवी, नाहीतर कॉइल जाते. आणि दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात का ते बोटाने तपासा.

घाटमाथा

उंचावर गेलं की माझी गाडी जड होते. तेही निडल जेटचं?

स्लाइडतीन

नाही. उंचावर हवाच विरळ. २००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १८ टक्के कमी असते, पेट्रोल त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून सगळ्याच टप्प्यांवर थोडी रिच होते. तिथेच राहणार असाल तर मेन जेट एक-दोन नंबर लहान करा. येऊन-जाऊन असाल तर हात लावू नका.

एकसिलिंडर

नवा निडल जेट १०६ आणि नवी निडल घातली, क्लिप मध्ये. पाव मुठीची भदभद पूर्ण गेली. एका वेगाने जाताना आता ठोका मोजता येईल इतका सलग आवाज आहे. फार आनंद झालाय.

पण दोन गोष्टी उरल्यात. पूर्ण मुठीला चढावर दमते, मूठ किंचित मागे घेतली तर उलट जास्त ओढते. आणि आयडलवरून मूठ पटकन उघडली तर क्षणभर अडखळते.

स्लाइडतीन

पहिली गोष्ट म्हणजे तो लहान केलेला मेन जेट. पूर्ण मुठीपेक्षा थोडी मागे घेतल्यावर जास्त ओढणं हे मेन जेट लीन असल्याचं ठळक लक्षण. तशी पळवू नका, पिस्टन धरतो. पुस्तकातला जेट परत घाला. अमलच्या मेन जेटचा आकडा म्हणजे मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं तो, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या जेटशी आकडा जुळवू नका.

एकसिलिंडर

पुस्तकातला मेन जेट घातला. चढावर पूर्ण मुठीला आता शेवटपर्यंत ओढते. अडखळणं मात्र आहे. कटअवे बदलावा का? स्लाइडवर ३½ लिहिलंय, पुस्तकात ३ आहे.

स्लाइडतीन

आकडा इंचाच्या सोळांशात असतो. आकडा मोठा म्हणजे काप मोठी, म्हणजे हवा जास्त, मिश्रण लीन. तेव्हा ३½ मुळे अडखळणं पटण्यासारखं आहे. पण स्लाइड मागवण्याआधी एअर स्क्रू पाव फेरा आत घेऊन बघा. बऱ्याचदा तेवढ्याने जातं.

नाही गेलं तर ३ नंबरची स्लाइड घ्या, आणि घेताच आहात तर हार्ड अॅनोडाइज केलेली अॅल्युमिनियमची घ्या. मूळ स्लाइड आणि बॉडी एकाच मऊ धातूच्या असल्याने एकमेकांना खातात. जुनी काढाल तेव्हा तिची इंजिनाकडची बाजू उजेडात धरा. तिथे उभा चकचकीत पट्टा दिसला तर बॉडीही झिजली असेल. तो दिसला तर फोटो टाका, मग बॉडीचं काय करायचं ते बघू.